आपल्या पाण्याला मानवणारी टाकी

घरात माशांची टाकी ठेवणारे ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत पुष्कळ आहेत. प्लॅस्टिकची झाडे काढून त्या जागी खरीखुरी पाणवनस्पती लावावी, असे त्यांतल्या बहुतेकांना कधी ना कधी वाटतेच. मग परदेशी टाक्यांची छायाचित्रे पाहून रोपांची यादी तयार होते, दिवे आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर यांची चौकशी सुरू होते आणि दोन महिन्यांत सगळे कुजून जाते. माझ्या मते इथे क्रमच चुकतो. आपल्या नळाला येणारे पाणी कसे आहे आणि मे महिन्यात ते टाकीत किती तापते, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात आणि त्यांना मानवेल तेच रोप घरी आणावे. एवढे पथ्य पाळले तर साध्या दिव्यावर आणि मूठभर खर्चात टाकी वर्षानुवर्षे हिरवी राहते.

नळाचे पाणी

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ठाणे शहराचे पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांवरून येते. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असे पुरवठादार वेगवेगळे असले, तरी मूळ पाणी सह्याद्रीच्या पावसाचेच. कल्याण-डोंबिवली महापालिका उल्हास नदीतून पाणी उचलते. डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात येणारे पाणी बारवी धरणातून सुटून उल्हास नदीत येते आणि जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते. हा सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. चुनखडीचा दगड इथे नाही. त्यामुळे पाण्यात क्षार कमी, साबणाला फेस भरपूर. मृदू पाणी म्हणतात ते हेच, आणि जगातल्या बहुसंख्य पाणवनस्पतींना ते आवडते. जड पाण्याच्या शहरांतले हौशी लोक जे पाणी मिळवण्यासाठी आरओ यंत्र बसवतात, ते आपल्याकडे नळाला येते.

याला अपवाद बोअरवेलचा आणि टँकरचा. घोडबंदर रस्त्यावरच्या आणि डोंबिवलीच्या आसपासच्या अनेक सोसायट्यांत महापालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळतात. उन्हाळ्यात तर टँकर आज एका ठिकाणचा, उद्या दुसऱ्या ठिकाणचा. म्हणून सोसायटीच्या वॉचमनला किंवा सेक्रेटरीला विचारून घ्यावे, की स्वयंपाकघरातल्या नळाला कोणते पाणी आणि बाथरूमच्या नळाला कोणते. बऱ्याच इमारतींत हे दोन वेगळे असतात. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पाण्यात एकूण किती क्षार आहेत एवढेच तो सांगतो, पण दोन नळांतला फरक ओळखायला तेवढे पुरते. खरा जडपणा मोजायचा तर थेंबांची चाचणी करावी.

स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीतले पाणी टाकीत घालण्याचा मोह होतो. ते घालू नये, कारण गाळून वेगळे केलेले क्षार त्यातच असतात. शुद्ध केलेले आरओचे पाणीही एकटे चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उरलेलेच नसते.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवले तर तो बहुतांशी उडून जातो. घाई असेल तेव्हा अँटीक्लोरचे थेंब वापरावेत. पावसाळ्यात नदी गढूळ होते, शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढते. जून-जुलैत एका वेळी अर्धी टाकी बदलण्यापेक्षा थोडे थोडे पाणी बदलणे चांगले.

उन्हाळा

आपली खरी अडचण उष्मा ही आहे. टाकीतल्या बहुतेक वनस्पतींना २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान सोसते. ठाण्याला खाडीचा वारा थोडा तरी मिळतो. कल्याण-डोंबिवली समुद्रापासून आत, तिथे मार्च ते मे या काळात पारा कधी कधी चाळिशी गाठतो. पश्चिमेकडच्या भिंतीला लागून ठेवलेल्या टाकीचे पाणी संध्याकाळी ३२ अंशांवर सहज जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना ७.३. त्याच वेळी मासे, जिवाणू आणि रोपे या सगळ्यांची श्वसनाची गरज मात्र वाढलेली असते. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, रात्री त्याही तो घेतात. म्हणून उन्हाळ्यातले मासे दगावतात ते बहुधा पहाटे.

उपाय साधे आहेत. टाकीवरची काच काढून जाळी टाकावी आणि कॉम्प्युटरमधला छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा लावावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याच्या जागी भर घालायची ती कमी क्षारांच्या पाण्याची, कारण वाफ होऊन पाणीच जाते, क्षार मागे राहतात. दिवे संध्याकाळी सहानंतर लावावेत, म्हणजे दुपारच्या उष्म्यात दिव्याची भर पडत नाही. बर्फाचे खडे टाकून पाणी एकदम थंड करू नये, मासे त्याने आजारी पडतात.

वीज गेली की फिल्टर बंद पडतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा. टाकीला चांगली वाढलेली रोपे असतील, तर दिवसाच्या दोन-चार तासांच्या भारनियमनात मासे सहसा तग धरतात. जिवंत वनस्पती लावण्याचे हे एक मोठे कारण आहे, दुकानदार ते क्वचितच सांगतात.

दुकानात रोप पाहताना

मत्स्यालयाच्या दुकानांत पाण्यात बुडवून ठेवलेले प्रत्येक झाड पाणवनस्पती नसते. लकी बँबू, ड्रसीना, सिंगोनियम, पीस लिली, जांभळ्या पानांचा हेमिग्राफिस ही सगळी कुंडीतली झाडे. ती पाण्याखाली महिना-दोन महिने हिरवी दिसतात, मग सडतात आणि पाणी नासवतात. ओळखायचे कसे? रोप पाण्याबाहेर काढून हातात उभे धरावे. पाण्याखाली वाढलेली खरी पाणवनस्पती ओल्या रिबिनीसारखी लुळी पडते, कारण पाण्याच्या आधाराने वाढलेल्या खोडाला स्वतःच्या ताकदीवर उभे राहण्याची गरजच पडलेली नसते. ताठ खोड, जाड आणि मेणचट पान, पाणी टिकत नाही असा पृष्ठभाग दिसला की संशय घ्यावा. अनुबियास याला अपवाद. त्याचे पान ताठ असते, तरी ते पाण्याखाली उत्तम जगते.

दुसरी गोष्ट मुळांची. कुंडीतल्या रोपाचा कापूस किंवा स्पंज बाजूला सारून मुळे पाहावीत. पांढरी किंवा फिकट तपकिरी असतील तर ठीक. काळी, बोटाने दाबल्यावर पिचणारी आणि वास मारणारी असतील तर ते रोप स्वस्तात मिळाले तरी नको. अनुबियास आणि जावा फर्नचा कंद अंगठ्याने दाबून पाहावा, तो कडक लागला पाहिजे.

आणखी एक. बरीच रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. अशा रोपाची जुनी पाने टाकीत गेल्यावर गळतात आणि पाण्याखालची, वेगळ्या आकाराची नवी पाने येतात. हा बदल तीन-चार आठवडे चालतो. क्रिप्टोकोराइनचे तर सगळेच पान विरघळून जाते. अशा वेळी झाड मेले समजून उपटून टाकणारे खूप. मूळ जिवंत असते. ते तसेच ठेवले तर महिन्याभरात नवा कोंब दिसतो.

कोणती रोपे घ्यावीत

पहिल्या टाकीसाठी अनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस ही त्रयी सगळीकडे सुचवतात, आणि ते बरोबर आहे. कमी उजेडात जगतात, खत फारसे मागत नाहीत. पहिल्या दोन्हींचा कंद वाळूत पुरायचा नाही एवढेच लक्षात ठेवावे. लाकडाच्या ओंडक्याला किंवा दगडाला साध्या सुती दोऱ्याने दोन वेढे देऊन बांधावे. दोरा कुजेपर्यंत मुळे लाकूड धरतात. अनुबियास मूळचे पश्चिम आफ्रिकेचे, जावा फर्न आग्नेय आशियातले.

मला अधिक जिव्हाळा वाटतो तो आपल्याच मातीतल्या रोपांचा. जगभरच्या टाक्यांत मिरवणारी कितीतरी झाडे भारतातली आहेत आणि आपल्याला त्याची कल्पना नसते. ब्राह्मी म्हणून आयुर्वेदात वापरतात ती बॅकोपा मोनिएरी टाकीत पाण्याखाली सरळ, हळूहळू वाढते. तिची छोटी, गुबगुबीत पाने मागच्या बाजूला शोभतात. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा हे आपल्याकडचे आणखी एक. कोळशिंदा किंवा तालीमखाना म्हणतात त्याच कुळातले. ते इतके जोमाने वाढते, की अमेरिकेत त्याला कायद्याने उपद्रवी तण ठरवले आहे. नवीन टाकीत पाण्यातले जादा नत्र शोषून घ्यायला याच्यासारखे झाड नाही. बारीक पिसाऱ्यासारखी पाने असलेली लिम्नोफिला, म्हणजे दुकानातली अंबुलिया, हीही आशियातली. रोटाला रोटुंडिफोलिया दिव्याजवळ पोहोचली की शेंडे गुलाबी होतात. तिची दक्षिण भारतातली बहीण रोटाला मॅक्रँड्रा लालभडक, पण तिला तीव्र उजेड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही लागतात. मृदू पाणी हीही तिची अट आहे आणि ती आपण फुकट पुरवतो.

सह्याद्रीच्या ओढ्यांत क्रिप्टोकोराइन रेट्रोस्पायरॅलिस वाढते. पावसाळ्यात वाहत्या पाण्याखाली, उन्हाळ्यात उघड्या दगडगोट्यांत. अरुंद, काठाला चुण्या पडलेली तिची पाने प्रवाहाच्या दिशेने लवतात. पाणी कमी-जास्त होण्याची आणि उष्म्याची सवय असलेले हे झाड आपल्या घरातल्या टाकीला मानवणार हे सांगायला नकोच. दुकानांत मात्र बहुधा श्रीलंकेची क्रिप्टोकोराइन वेंड्टी मिळते. तीही चिवट आहे, अंधुक कोपऱ्यात चालते. एकदा लावली की हलवू नये.

पोगोस्टेमॉन या नावाची रोपे आज महागड्या टाक्यांत दिसतात. त्याच प्रजातीतली जांभळी मंजिरी कासच्या पठारावर पावसाळ्याअखेर गालिच्यासारखी फुलते. कासच्याच डबक्यांत वायतुरा हे झाड आहे, शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ साली ते शास्त्राला नव्याने नोंदवणाऱ्या तिघांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव होते. ही झाडे पाहायला जावे आणि पाहून परत यावे. सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवरच उगवणारा तो कंद खणून टाकीत लावणे हा गुन्हा समजावा; शिवाय त्याला वर्षातून काही महिने कोरडी विश्रांती लागते, टाकीत तो टिकणारही नाही. अपोनोजेटॉनची हौसच असेल तर दुकानात अपोनोजेटॉन क्रिस्पसचे लागवडीचे कंद मिळतात.

आता ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे त्यांच्यासाठी. त्यांनी रोटालाच्या मागे लागू नये. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट ही तीन झाडे पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, म्हणून जड पाण्यात ती खुशाल वाढतात. हायड्रिला ही शाळेतल्या प्रयोगात चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे दाखवतात तीच. व्हॅलिस्नेरिया बारावीच्या पुस्तकात परागीभवनाच्या धड्यात भेटते. रिबिनीसारखी लांब पाने आणि वाळूखालून धावत्या खोडाने पसरण्याची सवय यामुळे तिने टाकीची मागची भिंत झाकून जाते.

तळ: वाळू, खडे आणि लाल माती

दुकानातले रंगीत खडे आणि संगमरवरी चिप्स वनस्पतींच्या टाकीत नकोत. घरी आणलेल्या खड्यांची परीक्षा सोपी आहे: मूठभर खडे वाटीत घेऊन वर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओतायचा. बुडबुडे फुटले तर त्यात चुना आहे, तो हळूहळू विरघळून पाणी जड करील. दोन ते तीन मिलिमीटर जाडीची, न विरघळणारी वाळू सर्वांत उत्तम. २ फूट लांब आणि १ फूट रुंद टाकीत ५ सेंटिमीटर थर द्यायचा तर सुमारे १४ किलो वाळू लागते. ती बादलीत पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. ही टाकी १ फूट उंच असली, तर काठोकाठ भरल्यावर ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड, काच धरून वजन ऐंशी किलोच्या आसपास जाते. टीव्हीच्या पोकळ कपाटावर ती ठेवू नये.

नुसत्या वाळूत अन्न नसते. तयार ‘सॉइल’ बाजारात मिळते, चांगले असते आणि महाग असते. स्वस्त पर्याय नर्सरीतल्या लाल मातीचा. जांभ्या दगडापासून झालेल्या या मातीत लोह भरपूर असते. जर्मनीतल्या हौशी लोकांनी १९८० च्या दशकात हीच जांभ्याची माती टाकीच्या तळाला घालण्याची पद्धत लोकप्रिय केली. कोकणी माणसाच्या अंगणात असते ती. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात साध्या बागेतल्या मातीवर टाकी उभी करण्याची रीत मांडली: खाली सुमारे अडीच सेंटिमीटर माती, वर तेवढाच वाळूचा थर. आपण लाल माती चाळून, खडे-मुळ्या काढून घ्यावी. शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेली माती चालणार नाही, त्यातून अमोनिया सुटतो. गांडूळखत घालायचेच तर मातीच्या दहाव्या भागाहून कमी.

उजेड आणि कार्बन

टाकी खिडकीत ठेवून सूर्यप्रकाशावर झाडे वाढवू असे अनेकांना वाटते. त्यात पाणी हिरवे होते आणि तापते, दोन्ही नको असलेल्या गोष्टी. थेट ऊन न येणारी भिंत निवडावी आणि ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी दिवा लावावा. पहिल्या महिन्यात रोज ६ तास, पुढे फार तर ८. टायमर लावणे आवश्यक, कारण रोपांवर आणि शेवाळावर दोहोंवरही नियमितपणाचा परिणाम होतो, पण फायदा रोपांचा होतो. चकतीचा साधा टायमर वीज गेल्यावर थांबतो आणि तेवढा मागे पडतो. आपल्याकडे बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेणे सोयीचे.

कार्बन डायऑक्साइड बाहेरून देणे सगळ्यांनाच गरजेचे नाही. वर सांगितलेल्या साध्या रोपांना माशांच्या श्वासातून आणि हवेतून मिळतो तो पुरतो. गालिचासारखी पसरणारी किंवा लाल झाडे हवी असतील तर लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम इतके प्रमाण ठेवावे लागते. बाटलीत साखर आणि यीस्ट घालून गॅस तयार करण्याची युक्ती थंड प्रदेशात बरी चालते. आपल्या उन्हाळ्यात ते मिश्रण उसळते, गॅस एकदम येतो आणि मग संपतो. नळी तुंबली तर बाटली फुटण्याची भीतीही असते. मी सिलिंडरच सुचवीन. अग्निशामक यंत्रे भरून देणाऱ्या व्यावसायिकांकडे तो भरून मिळू शकतो. सिलिंडर उभा आणि सावलीत ठेवावा: ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहू शकत नाही आणि आतला दाब झपाट्याने वाढतो. दिवा बंद झाला की गॅसही बंद, म्हणजे रात्री मासे गुदमरणार नाहीत. ‘लिक्विड कार्बन’ या नावाने विकतात ते रसायन व्हॅलिस्नेरियाला आणि मॉसला जाळते. त्याच्या वाटेला न जाणे बरे.

खत: कृषी सेवा केंद्राची वाट

मासे नत्र आणि स्फुरद पुरवतात, पालाश आणि लोह फारसे पुरवत नाहीत. परदेशी द्रव खतांच्या छोट्या बाटलीला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात मुरबाड, भिवंडी किंवा कल्याणच्या कृषी सेवा केंद्रातून काही वर्षांची बेगमी होते. शेतकरी ठिबकमधून देतात ती तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शून्य-बावन्न-चौतीस ही विद्राव्य खते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेट. महागड्या बाटल्यांत मुख्यतः हेच क्षार असतात. एकोणीस-एकोणीस-एकोणीस मात्र चुकूनही घालू नये. त्यातले नत्र काही प्रमाणात अमोनिया आणि युरियाच्या रूपात असते आणि मासे त्याने मरतात.

अर्धा ग्रॅम मोजायला सोनाराचा काटा लागेल, म्हणून द्रावण करून ठेवावे. अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम १३:०:४५ विरघळवले, तर त्यातले २५ मिली द्रावण म्हणजे अर्धा ग्रॅम. प्रत्यक्षात ५० लिटर पाणी असलेल्या टाकीत तेवढ्याने नायट्रेट लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅमने वाढते. दुसऱ्या बाटलीत अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम ०:५२:३४. त्यातले १० मिली आठवड्याला पुरे. साध्या टाकीत दोन्ही आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर द्यावे. मासे जास्त असतील तर पहिल्या बाटलीचे प्रमाण निम्मे करावे. लोहासाठी चिलेटेड लोह घ्यावे आणि ते वेगळ्या दिवशी द्यावे, कारण फॉस्फेट आणि लोह एकत्र आले की साका होऊन दोन्ही वाया जातात. मृदू पाण्यात मॅग्नेशियम कमी पडते. चिमूटभर एप्सम सॉल्ट त्यावर पुरते. पाणी फारच मृदू असेल तर सामू अचानक घसरू नये म्हणून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत थोडे शिंपले ठेवावेत.

पान काय मागते ते पानच दाखवते. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडू लागली, तर पालाश कमी. जुनी पाने सरसकट पिवळी, तर नत्र.

पहिला महिना आणि शेवाळ

लावणी दाट करावी. सुरुवातीला दोन काड्या लावून त्या वाढायची वाट पाहिली, तर मोकळी जागा शेवाळ बळकावते. काडीची खालची दोन पेरे पाने काढून चिमट्याने वाळूत तिरकी खुपसावीत, सरळ खुपसलेली काडी वर येते. नव्या रोपांबरोबर गोगलगाई आणि त्यांची अंडी येतात. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात रोपे दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन मगच लावावीत. मासे लगेच सोडायचे नाहीत. तीन-चार आठवड्यांत फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू स्थिरावतात, मग थोडे थोडे मासे आणावेत. टेट्रा, रासबोरा, झेब्रा डॅनिओ यांचे झाडांशी पटते. गोल्डफिश झाडे खातो आणि त्याला थंड पाणी लागते, म्हणून तो इथे नको.

पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर येतो. तो डायटमचा, पुसला की जातो आणि काही दिवसांनी यायचा थांबतो. हिरवे शेवाळ सतत वाढत असेल तर दिव्याचे तास कमी करावेत आणि माशांचे खाणे निम्मे करावे. काळे, दाढीसारखे शेवाळ बहुधा कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होण्याने येते; ते लागलेले जुने पान सरळ कापून टाकावे. शेवाळ खातो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा आणू नये. तो एक फुटाहून मोठा होतो, रोपे उखडतो, आणि लोकांनी कंटाळून सोडून दिल्यामुळे भारतातल्या कित्येक जलाशयांत तो पसरला आहे. त्याऐवजी नेराइट गोगलगाई ठेवाव्यात. गोड्या पाण्यात त्यांची पिल्ले जगत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही.

छाटलेल्या फांद्यांचे काय करायचे

टाकी नीट चालू लागली की दर पंधरवड्याला ओंजळभर फांद्या निघतात. त्यांच्याबद्दल कळकळीने लिहितो आहे. कल्याणजवळ मोहन्याला उल्हास नदीवर दरवर्षी जलपर्णीचा हिरवा थर पसरतो, तो आपण रेल्वेतून पाहतो, वर्तमानपत्रांत वाचतो. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेचे झाड म्हणून इथे आलेली. केरळात कोळिकोडजवळ आवळपांडीच्या ओढ्यात २०२० साली पाणी गुलाबी फुलांनी भरले, लोक ते पाहायला गर्दी करू लागले. ती फुले कबोंबाची, टाकीत लावतात त्या झाडाची होती.

म्हणून टाकीतली एकही काडी मासुंदा, उपवन, कचराळी किंवा कल्याणच्या काळा तलावात, नाल्यात किंवा संडासातही टाकू नका. जादा फांद्या शेजाऱ्यांना द्या, नवशिक्याला द्या, दुकानदाराला परत करा. गॅलरीत पाण्याची बादली असेल तर तीत लावा, पण डास होऊ नयेत म्हणून दोन गप्पी मासे सोडून. आणि उरलेले उन्हात कडकडीत वाळवून मग कुंडीच्या खतात घाला. तलाव स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी महापालिकेची जेवढी, तेवढीच टाकी असलेल्या प्रत्येक घराची आहे.